हर्षदाचा पांढरा

हर्षदा भोईर कामावर यायची ती राखाडी कपड्यांत. रोज. राखाडी कुर्ता, राखाडी ओढणी, थंडीच्या दिवसांत वर राखाडी स्वेटर. पहिल्या आठवड्यात आम्हाला वाटलं, हिच्या घरात कुणी गेलेलं दिसतंय. मग वाटलं, परिस्थिती बेताची असेल. शेवटी आमच्या स्टुडिओचे मालक हरेशभाई यांनीच तिला विचारलं, "हर्षदा मॅडम, रोज एकच कलर? दुकानवाल्याने थान के थान दिया क्या?"

ती हसली नाही. म्हणाली, "भाई, स्क्रीनसमोर बसायचं तर अंगावर रंग नको. लाल ड्रेस घालून बसलं की त्याचा लाल काचेत येतो. मग नवरीचे गाल आपल्याला उगाच लाल दिसतात. आपण ते कमी करत बसतो आणि अल्बम छापून आला की नवरी आजारी दिसते."

हे बोलताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण मी त्या दिवशी पोपटी ड्रेस घातला होता आणि स्टुडिओतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये, एका फरसाणच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम, बारशाचे बॅनर, साड्यांच्या व्यापाऱ्यांचे कॅटलॉग अशी कामं. मी अंबरनाथची. शिवमंदिराच्या बाजूला आमचं घर, वडील आनंदनगरच्या कारखान्यात होते. कमर्शियल आर्टचा डिप्लोमा करून मी इथे लागले आणि हर्षदा येईपर्यंत रंगाचं काम म्हणजे मी, असं होतं. गिऱ्हाईक जिना चढून आलं की विचारायचं, "शुभांगी मॅडम आहेत का?" खिडकीजवळची जागा माझी होती. फरसाणवाला भट्टी पेटवायचा तेव्हा खालून येणारा वाससुद्धा आधी माझा होता.

हर्षदा बदलापूरच्या पुढच्या गावातली. घरची शेती, आता त्यातली बरीचशी जमीन बिल्डरकडे गेलेली. मुंबईत जाहिराती छापणाऱ्या मोठ्या प्रेसमध्ये तिने बरीच वर्षं काम केलेलं. आईला अर्धांगवायू झाला म्हणून ते सोडून गावी आली आणि घराजवळ मिळेल ते म्हणून आमच्याकडे. लग्न केलं नव्हतं. आमच्याशी अगदी पुस्तकी मराठी बोलायची. पण दुपारी फोनवर "आये, मना उशीर व्हईल, तुमी जेवून घ्या" असं बोलायला लागली की आवाज एकदम निराळा व्हायचा, मऊ. तो आवाज आमच्या वाट्याला कधी आला नाही.

राखाडीत बाई दिसायला हवी होती फिकट. पण हर्षदाचा सावळा रंग राखाडीत असा उठून यायचा की मी घरी जाऊन कपाटातल्या राखाडी ओढणीवरून एकदा हात फिरवून पाहिला. गळ्याभोवती घेतली. नवरा म्हणाला, "बरं नाही का तुला?"

आल्या आल्या तिने आमच्या स्क्रीनना नावं ठेवायला सुरुवात केली. तेव्हा आमच्याकडे चकचकीत काचेचे मॉनिटर होते, त्यांचा उजेड पूर्ण वाढवलेला. फोटो त्यावर सिनेमाच्या पोस्टरसारखे झगझगायचे आणि छापून आले की काळवंडलेले असायचे. आम्ही प्रेसवाल्याला शिव्या घालायचो. प्रेसवाला कागदाला घालायचा. हर्षदाने दोन दिवस हे ऐकून घेतलं आणि हरेशभाईंना सांगितलं, "प्रेस ठीक आहे. तुमचा मॉनिटर बॅटरीसारखा डोळ्यात उजेड मारतोय, म्हणून तुम्हाला फोटो उजळ वाटतो. कागदाच्या आत काय बल्ब असतो का?"

हरेशभाई जुने सिंधी व्यापारी. नवी वस्तू घ्यायची म्हटलं की त्यांचा हात आपोआप छातीवर जातो. पण दोन अल्बम परत आले होते, त्यामुळे तयार झाले. मॉनिटर घ्यायला ते, हर्षदा आणि मी, असे तिघं गेलो. मला का नेलं, तर माझं मन राहावं म्हणून. हे मला गाडीतच कळलं होतं.

दुकानदाराने आधी दाखवला तो कमानीसारखा वाकलेला, भला मोठा. त्यावर समुद्राखालचे मासे पोहत होते. हरेशभाई खूश. मीसुद्धा, खरं सांगायचं तर. मला वाटलं, याच्यावर काम करायला मिळालं तर काय मजा येईल.

हर्षदाने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. "मासे बंद करा. यातला पहिला फोटो लावा."

पहिला फोटो म्हणजे नुसता राखाडी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळा सारखा राखाडी. दुकानदार तिच्याकडे बघतच राहिला. ती मात्र आधी समोर उभी राहिली, मग डावीकडे गेली, उजवीकडे गेली, गुडघे वाकवून खालून पाहिलं. "कोपऱ्यात गुलाबी मारतोय," म्हणाली. मी पाहिलं. मला राखाडी दिसला. तिने सांगितल्यावर पुन्हा पाहिला, तेव्हा कोपऱ्यात खरंच गुलाबी झाक होती. एकदा दिसल्यावर ती दिसायची थांबेना.

"वरचे लाइट बंद करता?" तिने दुकानदाराला विचारलं.

"मॅडम, दुकान आहे हे."

"पाच मिनिटं."

आणि त्याने केले! ही गोष्ट मला आजही झोंबते. मी त्याच दुकानात माउस बदलून मागितला असता तर त्याने बिल विचारलं असतं. हिच्यासाठी भर बाजारात दुकानात अंधार करून, हात मागे बांधून उभा राहिला. ती एकेक मॉनिटर लावायला लावत होती, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पट्ट्या बघत होती. काळ्याजवळच्या पट्ट्या एकमेकींत मिसळल्या की "पुढचा." पांढऱ्याजवळ मिसळल्या की "पुढचा." शेवटी तिने पसंत केला तो सगळ्यात नीरस होता. आकाराने मध्यम, सपाट, काच नाही, वरून खडूसारखा खरखरीत पडदा. कुठूनही बघितला तरी रंग तोच.

हरेशभाई हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "शुभांगी मॅडम, इतना पैसा देके इतना फीका?"

मी खांदे उडवले. मनात म्हटलं, पडू दे तोंडावर.

नाही पडली. मॉनिटर आल्यावर तिने आधी खोली बदलली. आमची भिंत आंब्याच्या रसासारखी पिवळी होती, ती तिने राखाडी करून घेतली. खिडकीला जाड पडदा लावला, म्हणजे माझ्या खिडकीला, आणि माझं टेबल दारासमोर गेलं. मॉनिटरच्या तिन्ही बाजूंनी काळ्या पुठ्ठ्याची झापड बसवली, टांग्याच्या घोड्याला असते तशी. मग एक हातात मावणारं काळं यंत्र आणलं, वायर लावलेलं. ते मॉनिटरच्या पडद्यावर मधोमध लोंबकळत ठेवायचं. त्याच्याखाली पडद्यावर एकेक रंग येतो, लाल, हिरवा, निळा, मग राखाडीच्या छटा. यंत्र ते मोजतं आणि कॉम्प्युटरला सांगतं, इथे तू जास्त लाल दाखवतोयस, इथे कमी. हे करायच्या आधी मॉनिटर अर्धा तास नुसता चालू ठेवायला लागायचा. तेवढा वेळ ती कुणाला त्याच्याजवळ फिरकू द्यायची नाही. "आधी तापू दे," म्हणायची. तिचं हे इतकं प्रसिद्ध झालं की हरेशभाई सकाळी कुणावर चिडले की बाकीचे एकमेकांत म्हणायचे, तापू दे.

मोजणी झाल्यावर पडदा आम्हाला सगळ्यांना पिवळट वाटला. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "हा तर जुन्या कागदासारखा दिसतोय."

"दोन दिवस थांब," ती म्हणाली. "तुझ्या डोळ्यांना निळ्या पांढऱ्याची सवय झालीये. हा खरा पांढरा आहे."

दोन दिवसांनी माझ्या जुन्या मॉनिटरसमोर बसले तेव्हा तो ट्यूबलाइटखालच्या दवाखान्यासारखा निळा वाटला. ती समोर होती. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर जो पहिला अल्बम छापून आला, तो तिने पडद्याशेजारी धरला. पडद्यावरचा शालू आणि कागदावरचा शालू एकच होता. आम्ही सगळे तिच्यामागे उभे होतो. हरेशभाईंनी "वाह साईं!" म्हणून टेबलावर थाप मारली, तर ती ओरडली, "बोटं लांब!" तिच्या मॉनिटरला बोट लागलेलं तिला चालायचं नाही. उजेड कमीजास्त करायच्या बटणांवर तिने चिकटपट्टी लावून ठेवली होती. चहा ती जिन्यात जाऊन प्यायची. प्रूफवर सही करायची ती हिरव्या शाईने, अर्ध्या पानभर, कलेक्टर असल्यासारखी. नम्र वगैरे ती नव्हतीच. आपल्याला येतं हे तिला माहीत होतं आणि इतरांना ते माहीत असावं अशी तिची व्यवस्था होती.

कुणाच्या कामाला ती छान म्हणायची नाही. छान, मस्त, झकास, यातलं काही नाही. फार तर म्हणायची, "बरोबर." माझ्या कामावर तिची नजर पडली की मी तो शब्द येतो का याची वाट बघायची आणि स्वतःचाच राग यायचा. ती यायच्या आधी मला कुणाच्या बरोबरची गरज पडली नव्हती.

साड्यांच्या कॅटलॉगची गोष्ट तर कॅम्प दोनपर्यंत पोचली. एका ठोक व्यापाऱ्याच्या साड्या होत्या. बाहेरगावचे दुकानदार फोटो बघून माल मागवायचे आणि रंग वेगळा निघाला की गठ्ठे परत. त्यात एक रामा रंग होता. हिरवाही नाही, निळाही नाही, मधला. माझ्या कॅटलॉगमध्ये तो दरवेळी मोरपंखी व्हायचा. व्यापारी म्हणायचा, "मॅडम, मैं रामा बेचता हूँ, तुम मोर बेचती हो." हर्षदाने त्या साडीचा पदर मागवला, मॉनिटरच्या बाजूला एक खास ट्यूब लावून तिच्याखाली पसरला आणि सकाळपासून तेवढ्या एकाच फोटोवर बसली. मी चार पानं संपवली. जेवणाच्या सुट्टीला मी सहज तिच्या मागून गेले, तर पडद्यावर रामा होता. मोरपंखी नाही, समुद्री नाही, रामा. कापड आणि पडदा यांत कुठे रेघ मारायची कळेना.

"कसं केलंस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तू रंग बघतेस," ती म्हणाली. "मी बाजूचा राखाडी बघते. तो नीट बसला की रंग आपोआप येतो."

तिने शिकवलं नाही असं मी म्हणू शकत नाही. विचारलं की सगळं सांगायची, हातचं राखून नाही. तीच अडचण होती. तिने लपवलं असतं तर मी म्हणू शकले असते की हिला काहीतरी ट्रिक माहीत आहे. तिने सगळं सांगून टाकलं आणि तरी ते तिला यायचं तसं मला यायचं नाही. पुढच्या महिन्यात व्यापारी मिठाई घेऊन जिना चढला आणि दारातूनच म्हणाला, "वो ग्रे वाली मॅडम किधर है?" मी दारासमोरच बसले होते.

घरी मी तिच्याबद्दल बोलायचे. किती बोलायचे ते नवऱ्याने एकदा सांगितलं. "तुझ्या माहेरच्यांची नावं मला आठवत नाहीत, पण ह्या बाईने काल डब्यात काय आणलं ते मला माहीत आहे."

मग ते निळं प्रकरण सुरू झालं.

आधी अंबरनाथच्या एका लग्नाचा अल्बम परत आला. मुलीचा बाप स्वतः घेऊन आला होता. शांत माणूस. त्याने पान उघडलं आणि म्हणाला, "आमच्या व्याह्यांचं धोतर बघा. निळीच्या बादलीतून काढल्यासारखं दिसतंय." खरंच दिसत होतं. मुलीचा फिका जांभळा शालूसुद्धा वांग्यासारखा झाला होता. ते काम हर्षदाचं होतं, प्रूफवर हिरवी सही होती.

हर्षदा म्हणाली, "मॉनिटरचा रंग सरकला असेल." पुन्हा मोजणी केली. यंत्राने सांगितलं, सगळं ठीक. तिने वायर बदलली, बाजूची ट्यूब बदलली, पुन्हा मोजलं. ठीक. पुढच्या अल्बममध्ये तेच. मी तिच्या पडद्याकडे बघितलं, तर निळा जास्त झालेला मला लांबून दिसत होता.

आता माझ्या मनात काय आलं ते सांगते. मला आनंद झाला. त्याच क्षणी तो आनंद कुणाला दिसू नये असंही वाटलं. मी उठून तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "हर्षदा, निळा जास्त होतोय."

"तुला काय कळतंय?" तिने मान वळवली नाही. "नीट बस जाग्यावर."

मी बसले. दुसऱ्या दिवशी तिने मुंबईच्या जुन्या प्रेसमधून ओळखीने दुसरं यंत्र मागवून घेतलं. त्यानेही सांगितलं, पडदा बरोबर आहे. ती दोन्ही यंत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बसून राहिली. मग उठली, जिना उतरली. समोरच्या मॅचिंग सेंटरमध्ये गेलेली मला खिडकीतून दिसली, पडदा जरा बाजूला करून पाहिलं म्हणून. परत आली तेव्हा हातात ब्लाउजपीसचे दोन तुकडे होते. ते तिने माझ्या टेबलावर टाकले.

"शुभा, यातला काळा कुठला?"

मला वाटलं, ही माझी परीक्षा घेतेय. "हा," मी म्हटलं.

"कशावरून?"

"कशावरून काय? दुसरा नेव्ही ब्लू आहे ना."

तिने दोन्ही तुकडे उचलले. खिडकीशी गेली. तो जाड पडदा, जो तिने स्वतः लावला होता आणि कुणाला हात लावू दिला नव्हता, तो पूर्ण सरकवला. भर दुपारच्या उन्हात तुकडे धरले. एकदा हा वर, एकदा तो वर.

"मला दोन्ही काळेच दिसतात," ती म्हणाली.

खाली फरसाणवाल्याचा झारा कढईवर आपटत होता तेवढाच आवाज. मुलीचा बाप नेमका त्याच वेळी हरेशभाईंच्या केबिनमध्ये बसला होता, पुन्हा छापून कधी मिळणार ते विचारायला. हर्षदा सरळ आत गेली. दार उघडंच होतं.

"भाई, चूक मशीनची नाही आणि प्रेसचीही नाही. माझ्या डोळ्यांची आहे. मला निळा कमी दिसायला लागलाय, म्हणून मी तो वाढवत होते. काका, तुमचा अल्बम शुभांगी करेल. तिला नीट दिसतं."

इतकंच. डोळ्यांत पाणी नाही, आवाज चढला नाही. जशी ती "कोपऱ्यात गुलाबी मारतोय" म्हणाली होती तशीच. मी माझ्या खुर्चीत बसून ऐकत होते. मला हवी होती ती जागा मला त्या क्षणी मिळाली, तिनेच दिली, सगळ्यांच्या देखत. आणि मला जे वाटलं तो विजय नव्हता. मी तिच्या जागी असते तर हे असं चार माणसांत उभं राहून बोलू शकले असते का, याचं उत्तर मला माहीत होतं. रंगाच्या बाबतीत तरी मी कधीतरी तिला गाठीन असं वाटायचं. या बाबतीत ती आशा नव्हती.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी तिच्याबरोबर गेले. आईला सोडून गावाकडून कुणी येण्यासारखं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

"या वयात?" मी विचारलं.

"तपासणीत शुगर निघालीये त्यांना. कधीपासून आहे?"

हर्षदाने भिंतीकडे पाहिलं. आईच्या गोळ्या वेळेवर देणाऱ्या बाईने स्वतःचं रक्त कधी तपासलं नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं, डोळ्यातलं नैसर्गिक भिंग हळूहळू पिवळं, तपकिरी होत जातं, निळा त्यात अडकतो. इतक्या सावकाश होतं की माणसाला समजत नाही.

"म्हणजे माझी काच पिवळी झाली," ती म्हणाली.

"तसंच समजा. ती काढून कृत्रिम बसवायची. आधी एक डोळा, मग दुसरा."

यावर कुणीही विचारतं, दुखेल का, पट्टी किती दिवस, जेवण काय. हर्षदाने विचारलं, "जे भिंग घालाल त्याला रंग असतो का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काहींना हलकी पिवळी छटा असते. निळा-जांभळा प्रकाश थोडा अडवायला. आपलं मूळचं भिंगही तो थोडा अडवतंच."

"मग ते नको. बिनरंगाचं द्या. आणि कडेला बघताना रंग बदलत नाही ना?"

"ताई, तुम्ही काय करता?"

"रंगाचं काम."

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकून बसले आणि कपाटातून भिंगांचे नमुने काढून तिला दाखवायला लागले. बाहेर पेशंटांची रांग होती. मला तो लाइट बंद करणारा दुकानदार आठवला. या बाईत असं काय होतं की समोरचा माणूस आपलं दुकान हिच्यासमोर मांडून बसतो?

ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. पट्टी निघाली होती.

"शुभा! आमच्या मोरीतल्या टाइल्स निळ्या आहेत गं! मी त्या राखाडी समजायला लागले होते." तो आवाज मऊ होता, आईशी बोलताना असायचा तो. "आणि ऐक ना. मी आत्ता दुधाचं पातेलं समोर ठेवून बसलेय. उजव्या डोळ्याने बघितलं तर दूध आहे. डाव्याने बघितलं तर बासुंदी. एकाच पातेल्यात! मी काय काय पांढरं म्हणून पास केलं असेन इतके दिवस."

ती हसत होती. मला वाटलं होतं, रडत असेल. फोन ठेवल्यावर मी आमच्या स्वयंपाकघरात गेले, दुधाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. दोन्हीकडे दूधच होतं. आजारी पडूनसुद्धा ती मला नसलेलं काहीतरी मिळवून बसली होती.

ती सुट्टीवर असताना मी तिच्या खुर्चीत बसले. राखाडी कुर्ता शिवून घेतला. सकाळी मॉनिटर सुरू करून अर्धा तास जिन्यात उभी राहून चहा प्यायचे. साड्यांचा नवा कॅटलॉग आला, त्यात जांभळ्या रंगाची एक अवघड साडी होती, ऊन-सावलीची, आडवा धागा एक आणि उभा धागा वेगळा. मी घाई केली नाही. बाजूचा राखाडी बसवला. एकदा, दोनदा, पुन्हा मोजून. प्रूफ छापून आलं आणि कापडाशी जुळलं. व्यापारी म्हणाला, "मॅडम, परफेक्ट." हरेशभाईंनी खालून गरम शेव मागवली. मी वाट बघत होते ती मात्र हर्षदाची.

ती आली काळा चष्मा लावून. डावा डोळा अजून व्हायचा होता. चष्मा काढला, डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि माझं प्रूफ हातात घेतलं. एका बाजूला साडी. कितीतरी वेळ बघत होती. मी मॉनिटरच्या झापडीशी उगाच चाळा करत होते.

"बरोबर," ती म्हणाली.

अख्ख्या स्टुडिओत मीच एकटी होते जिला हा शब्द म्हणजे काय ते माहीत होतं. मला वाटलं, आता हिने आणखी काही बोलू नये.

"फक्त एक आहे," ती म्हणाली. तिने साडीची घडी उचलली. "या घडीत आत अजून एक जांभळा आहे. बघ, इथे वळतो तिथे. ती तुझी चूक नाही. तो या पडद्याला दाखवताच येत नाही, कागदालाही नाही."

"कुठे?"

"हा काय."

मी वाकले. साडी ट्यूबखाली धरली, खिडकीत नेली. जांभळा होता, सावलीतला गडद जांभळा होता. तिसरा मला दिसला नाही.

"दिसला?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, हात डोळ्यावर तसाच. खोटं तिला कळलं होतं. तिने घडी नीट करून साडी परत दिली.

दुसरा डोळा झाल्यावर ती कामावर परत आलीच नाही. एकदा आली ती सांगायला. बदलापूरला घराशेजारच्या खोलीत स्वतःचं छोटं छपाईचं मशीन टाकते आहे. चित्रकारांची चित्रं, जुने फोटो यांच्या प्रती काढणार. "लग्नाचे अल्बम तू बघ आता. तुला येतं," म्हणाली. जाताना तिने ते काळं यंत्र माझ्या टेबलावर ठेवलं. "महिन्यातून एकदा पडदा मोज. आणि वर्षातून एकदा स्वतःचे डोळे. माझ्यासारखं करू नकोस." हरेशभाई जिन्यापर्यंत सोडायला गेले. माझ्यासाठी ते जिन्यापर्यंत कधी आलेले नाहीत, पण मी तरी कुठे सोडून गेले आहे.

आता रंगाचं काम म्हणजे मी. खिडकीची जागा माझी, पडदाही माझा. गिऱ्हाईक येतं, काम घेऊन खूश होऊन जातं. मधूनच कुणीतरी जिना चढून दारात थांबतं आणि विचारतं, "वो पहलेवाली मॅडम?" मी सांगते, बदलापूरला असतात. पत्ताही देते. लोक जातात तिच्याकडे, मला कळतं.

या उन्हाळ्यात नात्यातल्या एका साखरपुड्याला मी बदलापूरला गेले होते. स्टेशनवरून रिक्षा केली. गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला ताम्हणाचं एक झाड आहे, ते सबंध फुललं होतं. पान दिसत नव्हतं. झाडाखाली हर्षदा उभी होती.

हातात भाजीची पिशवी, पायात साधी चप्पल. मान पूर्ण मागे टाकून वर बघत होती. तोंड किंचित उघडं. बाजूने टेम्पो गेला, त्याने हॉर्न मारला, तिला पत्ता नव्हता. एक म्हातारी तिला काहीतरी विचारून पुढे निघून गेली, तिलाही तिने उत्तर दिलं नसावं. ती एक पाऊल डावीकडे सरकली आणि पुन्हा वर बघायला लागली.

"दादा, जरा थांबवा," मी रिक्षावाल्याला म्हटलं.

"उतरायचंय काय ताई?"

"नाही. नुसती थांबवा."

हाक मारावी असं मनात आलं. ती वळली असती, तिने "शुभा!" म्हटलं असतं आणि वर बोट दाखवून मला विचारलं असतं, दिसतंय का. मी हाक मारली नाही. रिक्षातूनच वाकून त्या झाडाकडे पाहिलं. फुलं जांभळी होती, काही फिकी, काही गडद, उन्हात चमकत होती. छान होती. मी खालच्या फांदीपासून शेंड्यापर्यंत सगळं झाड नीट पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं, सावकाश.

"ताई, चलू?" रिक्षावाला म्हणाला. "मागे गाडी हाय."

"चला," मी म्हटलं. वळणापर्यंत मी मागे वळून बघत होते. ती अजून वरच बघत होती.